धातूच्या उदरातील वायू : एका गणिताचा इतिहास

शास्त्रीय शोध अपघाताने लागतात की विचाराने, हा वाद जुना आहे. आणि दोन्ही पक्षांचे वकील आपापल्या पोतडीतून ठराविक उदाहरणे काढून तो पुनःपुन्हा लढवीत असतात. अलीकडे ह्या वादात एका तिसऱ्या पक्षाची भर पडली आहे. त्याचे म्हणणे असे की, अपघाताची वाट पाहणे नको आणि पंडिताच्या प्रतिभेचीही गरज नाही. संगणकास पुरेसे गणित घातले की हवा तो पदार्थ तो आपण होऊन सुचवील. सुशिक्षित घरांतूनही हे मत आता सहजगत्या ऐकू येते. त्यात तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे ठरवावयाचे तर एखाद्या मर्यादित विषयाचा इतिहास आरंभापासून तपासून पाहणे हाच सरळ मार्ग होय. धातूंमध्ये हायड्रोजन वायू साठविण्याचा प्रश्न ह्या कामी विशेष सोयीचा आहे. कारण त्यात अपघात, विचार आणि गणित ही तिन्ही आपापल्या जागी स्पष्ट ओळखू येतात.

विषय निव्वळ कुतूहलाचा आहे असेही नाही. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली, त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद ठरविली, आणि २०३० पर्यंत वर्षास ५० लाख टन हायड्रोजन निर्माण करण्याची क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले. वायू निर्माण करणे ही अर्धी गोष्ट झाली. तो ठेवावयाचा कोठे हा प्रश्न उरतोच. हायड्रोजन हा सर्व मूलद्रव्यांत हलका. एक किलोग्रॅम हायड्रोजन नेहमीच्या दाबाखाली मोकळा सोडला तर सुमारे ११ घनमीटर जागा व्यापतो. म्हणजे मध्यमवर्गीयाची एक लहानशी खोली त्याने निम्मीअधिक भरून जाईल. जेम्स ड्यूअर याने १८९८ मध्ये त्याचा द्रव करून दाखविला खरा. परंतु तो द्रव शून्याखाली २५३ अंशांवर उकळतो, आणि इतके करूनही एका लिटरात त्याचे वजन भरते अवघे ७१ ग्रॅम. पोलादी किंवा तंतूंच्या नळकांड्यांत प्रचंड दाबाने तो कोंडता येतो, पण त्या दाबाचे भय व खर्च दोन्ही मोठी. तिसरा मार्ग धातूचा. ह्या मार्गाचा प्रथम प्रवासी टॉमस ग्रॅहम हा होय.

ग्रॅहम हा मूळचा ग्लासगोचा रसायनशास्त्रज्ञ. १८५५ पासून मृत्यूपर्यंत तो इंग्लंडच्या राजटांकसाळीचा मुख्य अधिकारी होता. १८६६ मध्ये त्याने असे दाखविले की पॅलेडियम नावाची रुपेरी धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेते. पुढील प्रयोगांत हे प्रमाण नऊशे पटींच्याही वर गेले. ग्रॅहमने ह्यावरून असे अनुमान बांधले की हायड्रोजन ही वस्तुतः एका अत्यंत बाष्पशील धातूची वाफच असली पाहिजे. त्या कल्पित धातूस त्याने ‘हायड्रोजेनियम’ असे नाव दिले, आणि टांकसाळीचा अधिकारी म्हणून हाती असलेल्या साधनांनी पॅलेडियम व हायड्रोजेनियम यांच्या ‘मिश्रधातू’ची लहान पदके पाडून मित्रमंडळींस वाटली. १८६९ च्या सप्टेंबरात तो वारला. हायड्रोजेनियमची कल्पना ग्रॅहमने मांडली तशी पुढे टिकली नाही. तथापि तिच्या पोटात एक खरी गोष्ट दडलेली होती. स्पंजात पाणी मुरावे तसा हा वायू धातूच्या छिद्रांत नुसता अडकून बसत नाही. दुधात साखर विरघळावी त्याप्रमाणे तो धातूच्या रचनेतच मिसळून जातो, हे ग्रॅहमने बरोबर ओळखले होते.

ह्यानंतरची पायरी मोजमापाची. होइट्सेमा नावाच्या शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये पॅलेडियमवरील हायड्रोजनचा दाब व त्यात शिरलेल्या वायूचे प्रमाण यांची पद्धतशीर मापे प्रसिद्ध केली. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. आरंभी वायू शिरू लागतो तसा दाब वाढत जातो. पुढे एक अवस्था अशी येते की कितीही वायू आत जावो, दाब जागचा हलत नाही. आणि धातूची धारणशक्ती संपत आली म्हणजे तो पुन्हा झपाट्याने चढू लागतो. आलेखावर हा मधला भाग पठारासारखा सपाट दिसतो. साठवणीच्या दृष्टीने हे पठार म्हणजेच सर्व काही. कारण ज्या दाबावर ते असते त्याच दाबाच्या आसपास धातू वायू घेते आणि परतही देते.

पठार का पडते, ह्याचे पहिले समाधानकारक गणित जे. आर. लॅकर याने १९३७ मध्ये मांडले. त्याची विचारसरणी सामान्य वाचकासही समजण्याजोगी आहे. पंगतीसाठी पाने मांडून ठेवावीत त्याप्रमाणे धातूच्या स्फटिकात हायड्रोजनच्या अणूंसाठी ठराविक रिकाम्या जागा असतात. अणू कोठेही बसू शकतात. पण शेजारचे पान भरलेले असले तर बसणाऱ्यास तेथे अधिक रुचते. एवढी दोनच गृहीतके घेऊन लॅकरने पठाराचा आकार काढला, आणि सुमारे ३०० अंश सेल्सियसपाशी ते नाहीसे का होते याचाही उलगडा केला. संगणक जन्मास येण्यापूर्वी, कागदावर केलेले हे गणित ह्या विषयातील पहिली खरी गणिती प्रतिकृती म्हणावयास हरकत नाही. मात्र तिच्यात एक उणीव होती. शेजाऱ्याचे आकर्षण किती, हा आकडा लॅकरला सिद्धांतातून मिळालेला नव्हता. तो प्रयोगावरून उसना घ्यावा लागला होता. रिकाम्या जागा नेमक्या कोठे असतात हेही न्यूट्रॉनांच्या साह्याने १९५७ मध्ये प्रत्यक्ष दिसून आले.

पॅलेडियम अतिशय महाग. तेव्हा ते साठवणीच्या उपयोगी पडणे शक्य नव्हते. इतर शुद्ध धातूंची अडचण निराळी. टायटॅनियम, झिर्कोनियम, लँथॅनम ह्या धातू हायड्रोजनला अशी मिठी मारतात की तो सोडविण्यास शेकडो अंशांची उष्णता द्यावी लागते. उलट लोखंड, निकेल, कोबाल्ट त्यास जवळही फिरकू देत नाहीत. लोभी आणि विरक्त ह्यांची गाठ घालून द्यावी, म्हणजे मधला स्वभाव उत्पन्न होईल, ही कल्पना यातून सहज सुचते. दोन धातूंचे अणू ठराविक प्रमाणात व ठराविक रचनेत एकत्र आले म्हणजे जे संयुग होते त्यास आंतरधातू संयुग म्हणतात. लिबोविट्झ आणि त्याचे सहकारी यांनी १९५८ मध्ये झिर्कोनियम-निकेलच्या अशा संयुगात हायड्रोजन शिरतो व परत निघतो असे दाखविले. अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत रायली व विसवॉल यांनी १९६८ मध्ये मॅग्नेशियम-निकेल, आणि १९७४ मध्ये लोखंड-टायटॅनियम ही संयुगे अभ्यासली. ही सर्व वाटचाल विचारपूर्वक होती.

परंतु सर्वांत प्रसिद्ध संयुग मात्र आडवाटेने सापडले. हॉलंडमधील आइंडहोव्हन येथे फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत समॅरियम-कोबाल्टच्या चुंबकांवर काम चालू होते. हायड्रोजनच्या संसर्गाने ह्या चुंबकांचा टिकाऊपणा घटतो, कारण संयुग तो वायू मोठ्या प्रमाणात शोषते, असे झाइल्स्ट्रा व वेस्टेनडॉर्प यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. चुंबकाच्या दृष्टीने हा दोष. पण त्याच संस्थेतील फान फुख्त, कॉइपर्स व ब्रुनिंग यांनी तोच गुण मानून भावंड-संयुगे तपासली, आणि १९७० मध्ये लँथॅनमचा एक व निकेलचे पाच अणू असलेले संयुग पुढे आणले. हे संयुग नेहमीच्या तपमानावर, दोनेक वातावरणांच्या दाबाला, आपल्या प्रत्येक घटकामागे हायड्रोजनचे सहाहून अधिक अणू सामावून घेते आणि दाब कमी करताच सोडून देते. घेताना ते जवळजवळ एकचतुर्थांशाने फुगते व त्यामुळे त्याचा बारीक भुगा होतो. त्या स्फटिकात हायड्रोजनची दाटी लिटरामागे सुमारे १०० ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे द्रवरूप हायड्रोजनपेक्षाही तो येथे अधिक दाटीने राहतो. अपघाताचे श्रेय येथे कोणी नाकारणार नाही. तथापि चुंबकाचा नाश पाहून त्यात कोठाराची शक्यता ओळखावयास दृष्टी लागते, आणि ती अपघाताने मिळत नाही.

एक नमुना हाती आल्यावर, असे का होते हा प्रश्न ओघानेच आला. फान माल, बुशोव व मीडेमा यांनी १९७४ मध्ये त्यास जे उत्तर दिले ते फार मार्मिक आहे. दोन धातूंचे परस्परांशी सख्य जितके दृढ, तितका तिसऱ्या पाहुण्यास तेथे थारा कमी. मूळ संयुग जितके स्थिर तितके त्याचे हायड्राइड अस्थिर. कारण हायड्रोजनला जागा देताना धातूंना आपसांतील काही बंध सैल करावे लागतात, व त्याची किंमत मोजावी लागते. ह्या ‘उलट स्थिरते’च्या नियमाचे गणित हिशेबाच्या वहीतील एका पानात बसण्यासारखे होते. १९७७ मध्ये लंडिन, लिंच व मगी यांनी दुसरा एक संबंध दाखविला : स्फटिकातील पोकळी जितकी मोठी, तितका हायड्रोजन तेथे अधिक घट्ट बसतो व पठाराचा दाब खाली येतो. निकेलच्या काही अणूंऐवजी जरा थोर आकाराचे ॲल्युमिनियमचे अणू घातले तर दाब शेकडो पटींनी उतरविता येतो, असा अनुभवही त्याच सुमारास आला. अशा साध्या नियमांच्या आधाराने १९८४ मध्ये विलेम्सने कोबाल्ट, सिलिकॉन इत्यादी मिसळून टिकाऊ मिश्रण तयार केले. त्यातूनच निकेल-हायड्राइड विद्युत्घट व्यवहारात आले, आणि १९९७ च्या टोयोटा कंपनीच्या ‘प्रियस’ मोटारीत हेच घट होते.

आता खऱ्या अर्थाने मुळापासून गणित करावयाचे, म्हणजे प्रयोगाचा एकही आकडा उसना न घेता केवळ अणूंची नावे सांगून उत्तर काढावयाचे, तर काय करावे लागेल ते पाहू. वर सांगितलेल्या लँथॅनम-निकेलच्या एका घटकात १९७ इलेक्ट्रॉन आहेत. प्रत्येकाचे स्थान सांगण्यास तीन आकडे लागतात. म्हणजे सर्वांचे एकत्र वर्णन ५९१ चलांचे होईल. असे समीकरण प्रत्यक्ष सोडविणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाही. ही कोंडी १९६४ व १९६५ ह्या दोन वर्षांत वाल्टर कोन याने अनुक्रमे होहेनबर्ग व शॅम ह्या सहकाऱ्यांसह फोडली. हा कोन १९२३ मध्ये व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात जन्मला. १९३९ मध्ये मुलांना वाचविण्यासाठी धाडलेल्या गाडीतून तो इंग्लंडास पोचला. त्याचे आईबाप मात्र नाझींच्या छळछावणीत मारले गेले. इंग्रजांनी ह्या मुलास शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटकेत ठेवले व कॅनडात पाठविले. तेथील छावणीतच त्याचे शिक्षण पुढे चालू राहिले. त्याने सिद्ध केले ते असे की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा माग काढण्याची गरज नाही. अवकाशाच्या प्रत्येक बिंदूशी इलेक्ट्रॉनांची घनता किती एवढे कळले तरी पदार्थाची किमान ऊर्जा ठरते. ५९१ चलांच्या जागी तीन चलांचे काम आले. १९९८ मध्ये कोन यास रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या सिद्धांताच्या आश्रयाने धातूंच्या हायड्राइडांचे गणित वाढू लागले. १९७८ मध्ये गेलॅट, एरनराइख व वाइस यांनी निरनिराळ्या धातूंच्या हायड्राइडांची निर्मिती-उष्णता इलेक्ट्रॉनांच्या रचनेवरून समजावून दिली. स्विटेंडिक याने आपल्या गणितांवरून असा दंडक काढला की धातूत बसलेल्या दोन हायड्रोजन अणूंमध्ये सुमारे २.१ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी अंतर असत नाही. अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. ह्या दंडकाने संयुगात अधिकांत अधिक किती अणू मावतील याचा अंदाज बांधता येऊ लागला.

परंतु २००२ च्या सुमारास लँथॅनम, निकेल व इंडियम यांच्या एका संयुगात हायड्रोजनचे अणू परस्परांपासून अवघ्या १.६ अँगस्ट्रॉमवर बसलेले न्यूट्रॉनांच्या प्रयोगात आढळले. गणितातून निघालेला दंडक प्रयोगाने मोडला. मग त्याच वर्षी ऑस्लो येथे काम करणारे पी. रवींद्रन व त्यांचे सहकारी यांनी अधिक सूक्ष्म गणित करून कारण दाखविले : ह्या संयुगात हायड्रोजनभोवतीची इलेक्ट्रॉनांची घनता लँथॅनम व इंडियम यांच्याकडे ओढली जाते, त्यामुळे दोन हायड्रोजनांमधील प्रतिसारण सौम्य होते. प्रयोग आणि गणित यांचे नाते कसे असते याचा हा एक नमुनेदार दाखला आहे. एकाने घातलेली मर्यादा दुसऱ्याने ओलांडावी, आणि ती का ओलांडता आली हे पहिल्याने सांगावे, असा हा क्रम चालतो.

आता गणिताची खरी अडचण सांगतो. पठाराचा दाब हा हायड्राइड होताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असतो. परंतु तो त्या उष्णतेच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, घातांकाच्या नियमाने बदलतो. लँथॅनम-निकेलच्या बाबतीत ही उष्णता हायड्रोजनच्या प्रत्येक मोलमागे सुमारे ३१ किलोज्यूल आहे. तिच्या गणितात नुसती पाच किलोज्यूलांची चूक झाली तर नेहमीच्या तपमानावरील दाबाच्या अंदाजात जवळजवळ साडेसातपट चूक होते. दहा किलोज्यूलांची झाली तर पन्नासपटीहून अधिक. म्हणजे दोन वातावरणांच्या जागी शंभराहून अधिक वातावरणे, असे उत्तर येईल! त्यातून ही उष्णता मिळते ती दोन प्रचंड ऊर्जांच्या वजाबाकीतून. मालाने भरलेली बैलगाडी तोलावी, मग तीवर एक नारळ ठेवून पुन्हा तोलावी, आणि दोन वजनांच्या फरकावरून नारळाचे वजन सांगावे, असा हा प्रकार आहे. शिवाय हायड्रोजन इतका हलका की निरपेक्ष शून्य तपमानावरही त्याचे अणू कंप पावत असतात. त्या कंपनाची ऊर्जाही हिशेबात धरावी लागते. आणि हे सर्व निर्दोष स्फटिकापुरते झाले. प्रत्यक्षातला भुगा, त्यावरील ऑक्साइडाचा थर, हजार वेळा वायू भरल्या-काढल्यावर होणारी झीज, ह्यांविषयी असल्या गणिताला फारसे बोलता येत नाही.

मग गणिताचा उपयोग काय? माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा उपयोग नकार देण्यात आहे. अलापती, जॉन्सन व शोल यांनी २००६ मध्ये हलक्या धातूंच्या हायड्राइडांच्या, पूर्वी कोणी न तपासलेल्या, शंभराहून अधिक अभिक्रियांची उष्णता गणिताने काढली. ही संयुगे आपल्या विषयाच्या कक्षेबाहेरची खरी. पण पद्धत तीच. त्यांपैकी बहुसंख्य अभिक्रिया तपासण्यालायक नाहीत, असे एका लेखात कळून आले. प्रयोगशाळेत तेवढ्याच निर्णयासाठी कित्येक माणसांची कित्येक वर्षे खर्ची पडली असती. पाच-दहा किलोज्यूलांच्या चुकीने जी निवड बिघडत नाही, अशी चाळणी गणित उत्तम करते. चाळणीत उरलेल्यांची परीक्षा मात्र भट्टी आणि तराजू यांनीच करावी लागते.

अगदी अलीकडची पायरी स्वयंशिक्षित यंत्रांची. विटमन व त्याचे सहकारी यांनी २०२० मध्ये आजवरच्या मिश्रधातूंच्या नोंदी संगणकापुढे ठेवून पठाराचा दाब कशावर अवलंबून असतो हे त्यालाच शोधावयास लावले. यंत्राने निवाडा दिला : अणूमागे पडणारे आकारमान हा गुण सर्वांत महत्त्वाचा. जाणत्या वाचकास येथे १९७७ च्या पोकळीच्या नियमाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ह्यावरून यंत्राची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. जुना नियम एका कुळातील संयुगांवरून निघाला होता. यंत्राने अनेक कुळांच्या वतीने स्वतंत्र साक्ष दिली. आणि त्या आधाराने सुचविलेल्या बहुधातूंच्या काही मिश्रणांची २०२१ मध्ये प्रत्यक्ष निर्मिती करून पाहता अपेक्षा बऱ्याच अंशी खरी ठरली.

असे असूनही एक भिंत कोणत्याच गणिताला हलविता आलेली नाही. आणि ती समजण्यास शाळेतील भागाकार पुरेसा आहे. लँथॅनम-निकेलमध्ये हायड्रोजनचे वजन शेकडा १.४ भरते, लोखंड-टायटॅनियममध्ये शेकडा १.९ च्या आत. मोटारीला पाच किलोग्रॅम हायड्रोजन हवा असे धरले तर पहिल्या संयुगाचा साडेतीनशे किलोग्रॅम भुगा तिच्यात वाहावा लागेल. म्हणूनच २०१४ मध्ये बाजारात आलेल्या टोयोटाच्या ‘मिराई’ मोटारीने ७०० वातावरणांच्या दाबाचे नळकांडे पत्करले. पण वजन हा जेथे दोष ठरत नाही तेथे हीच संयुगे शोभून दिसतात. जर्मनीच्या २१२-अ वर्गाच्या पाणबुड्या आपला हायड्रोजन धातूच्या हायड्राइडांत ठेवतात. पाणबुडीला स्थैर्यासाठी वजन हवेच असते. आपल्याकडे काशी हिंदू विश्वविद्यालयात कै. प्रा. ओ. एन. श्रीवास्तव यांनी धातूच्या हायड्राइडांतील हायड्रोजनवर दुचाकी चालवून दाखविल्या होत्या. एका जागी स्थिर राहणारे कोठार हेही अशा संयुगांचे स्वाभाविक क्षेत्र आहे.

दीडशे वर्षांचा हा वृत्तांत पाहता आरंभीच्या वादाचा निकाल काय द्यावा? अपघाताने नमुना दिला, विचाराने नियम दिला, आणि गणिताने त्या नियमामागचे कारण व त्याची मर्यादा दाखविली. ह्यांपैकी कोणालाही दुसऱ्याची जागा घेता आली नाही. ज्या देशाला ह्या क्षेत्रात पैसा घालावयाचा आहे, त्याने हे विशेष ध्यानी धरावे. संगणक विकत घेणे सोपे असते, आणि त्याची उत्तरे लवकर व देखणी मिळतात. उलट शुद्ध मिश्रधातू ओतणारा, ती महिनोन्‌महिने वायूने भरून-रिकामी करून आकडे टिपणारा कुशल प्रयोगकर्ता तयार व्हावयास वर्षे लागतात, आणि त्याचे काम डोळ्यांत भरत नाही. लॅकरच्या गणितास होइट्सेमाच्या काळापासून होत आलेली मापे लागली; विटमनच्या यंत्रासही पन्नास वर्षांच्या परिश्रमी मोजणीदारांच्या नोंदी लागल्या. त्या नोंदी करणारे हात आपण कमी केले, तर पुढच्या पिढीच्या यंत्रापुढे ठेवावयास आपल्यापाशी स्वतःचे असे काहीच असणार नाही.